पन्नासच्या बँडवर विश्वास ठेवण्याआधी

लिव्हर कॅन्सरच्या पेशींमध्ये अमुक एन्झाइम वाढलेलं असतं, एवढंच सांगणारा पेपर हल्ली मी पहिल्या आकृतीपाशीच मिटते. वाढलं असेल. पण ते कुणाबरोबर बसतं-उठतं ते सांगा ना! एपिजेनेटिक्समधलं, म्हणजे डीएनएची अक्षरं न बदलता जनुकं चालू-बंद करण्यातलं, जवळजवळ कुठलंच एन्झाइम एकट्यानं काम करत नाही, तरी बहुतेक चर्चा त्याच्या प्रमाणापाशीच अडकून पडते. आज लिहायचंय ते या संगतीबद्दल, आणि ती संगत सिद्ध करताना नागपुरात काय काय निस्तरावं लागतं त्याबद्दल. शीर्षकातला पन्नासचा बँड त्या निस्तरण्यातलाच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी मूळची काटोलची. काही वर्षं तिथेच बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवली, मग नोकरी सोडून पीएचडीला लागले. आमची लॅब अमरावती रोडच्या बाजूला आहे. चाळिशीच्या तोंडावर बाईमाणसानं शिकायला बसावं की नाही यावर आमच्या नात्यात जेवढा खल झाला, तेवढा माझ्या सिनॉप्सिसवरही झाला नाही. असो.

लिव्हरच्या पेशीत आणि कातडीच्या पेशीत डीएनए एकच. कुठलं जनुक उघडं आणि कुठलं गुंडाळलेलं, यावर पेशीचं रूप ठरतं. या उघडण्या-गुंडाळण्याच्या खुणा एन्झाइम्स करतात. डीएनएमटी-१ डीएनएमधल्या सायटोसिनवर मेथिल गट बसवतं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन्स; ईझेडएच-२ त्यांतल्या हिस्टोन एच-३ च्या २७ व्या लायसिनवर एक, दोन, तीन असे मेथिल गट चढवतं, आणि तिसरा चढला की ते जनुक सहसा गप्प होतं. एचडीएसी कुटुंबातली एन्झाइम्स हिस्टोनवरचे असिटिल गट काढून टाकतात. पेशीची वाढ आवरणारी जनुकं कॅन्सरमध्ये कधी कधी अशीच बंद पाडली जातात. अक्षर एकही बदललेलं नसतं, तरी जनुक मुकं झालेलं असतं.

आता ईझेडएच-२ चं बघा. शुद्ध केलेलं ईझेडएच-२ एकटं परीक्षानळीत ठेवलं तर ते जवळपास काहीच करत नाही. ईईडी आणि एसयूझेड-१२ ही दोन प्रथिनं त्याला येऊन मिळाली की मगच ते चालतं. जोडीला आरबीबीपी-४ नाहीतर आरबीबीपी-७ असतं. या सगळ्या संचाला पीआरसी-२ म्हणतात. यातलं ईईडी नुसतं टेकू देऊन थांबत नाही. आधीच बसलेली तीन मेथिलची खूण ते ओळखतं आणि ईझेडएच-२ ला आणखी चेव आणतं, त्यामुळे खूण शेजारच्या हिस्टोनांवर पसरत जाते.

आणि हेच ईझेडएच-२ संच सोडूनही कामाला लागतं. प्रोस्टेट कॅन्सरच्या, हार्मोन-उपचाराला न जुमानणाऱ्या पेशींमध्ये २०१२ साली हे दाखवलं गेलं. तिथे ईझेडएच-२ च्या एका सेरीनवर फॉस्फेट चढतो, ते पीआरसी-२ च्या बाहेर अँड्रोजन रिसेप्टर या पुरुषी हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाच्या साथीनं काम करतं, आणि जनुकं बंद करण्याऐवजी चालू करतं. एन्झाइम तेच आणि काम नेमकं उलटं. अशा एन्झाइमचं नुसतं प्रमाण मोजून काय कळणार?

डीएनएमटी-१ ची कथा मला याहून आवडते. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची प्रत निघते. जुन्या धाग्यावर मेथिलच्या खुणा असतात, नवा धागा कोरा. जुन्यावरचं नव्यावर उतरवणं हे डीएनएमटी-१ चं काम. पण अर्धीच खूण असलेली जागा हेरून देतं ते यूएचआरएफ-१ हे दुसरं प्रथिन. हे नसेल तर डीएनएमटी-१ असूनही पेशीच्या दर दुभंगण्यागणिक मेथिलेशन गळत जातं, असं २००७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. यूएचआरएफ-१ शेजारच्या हिस्टोनवर युबिक्विटिनचा छोटा टॅग लावतं, आणि डीएनएमटी-१ त्या टॅगला धरून जागेवर येतं.

लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच गाठींमध्ये यूएचआरएफ-१ जास्त सापडतं. मग कुणालाही वाटेल की हेरणारा वाढला म्हणजे खुणाही वाढणार. २०१४ साली झेब्राफिशच्या लिव्हरमध्ये मानवी यूएचआरएफ-१ मुद्दाम जास्त तयार करायला लावलं, तेव्हा माशांना लिव्हरचा कॅन्सर झाला खरा, पण डीएनएवरचं मेथिलेशन घटलं होतं! साथीदार इतका वाढला की डीएनएमटी-१ ची जागाच हलली, ते टिकेनासंही झालं. हा पेपर मी आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला वाचायला देते. पहिल्या वाचनात त्या म्हणतात, "ताई, हे उलटं छापलं का?" तेवढं म्हटलं की माझं काम झालं.

लिव्हरच का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे आवडतं उत्तर आहे. हे सगळे मेथिल गट येतात एस-अडेनोसिल मेथिओनिन, म्हणजे एसएएम नावाच्या रेणूतून, आणि शरीरात तो सर्वांत जास्त बनतो लिव्हरमध्ये. निरोगी लिव्हरमध्ये तो बनवण्याचं काम एमएटी-१ए या जनुकाचं. कॅन्सरकडे झुकलेल्या पेशीत एमएटी-१ए मंदावतं आणि त्याच्या जागी एमएटी-२ए चढतं, आणि एसएएमची पातळी खाली येते. एमएटी-१ए काढून टाकलेल्या उंदरांना पुढे आपोआप लिव्हरचा कॅन्सर होतो. म्हणजे एन्झाइम, त्याचे साथीदार आणि त्याचा कच्चा माल, तिन्ही एकाच पेशीत हललेले असतात. अशा वेळी एकाच प्रथिनाचा बार ग्राफ काढून "वाढलं" म्हणायचं आणि त्यावर संख्याशास्त्रीय खात्रीच्या तीन चांदण्या द्यायच्या, हे मला जरा आळशीपणाचं वाटतं.

पेशींबद्दलही एक कुरकुर करून घेते. आम्ही मुख्यतः हेप-जी२ वापरतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या. जगभर लिव्हरवर काम करणारे बरेच लोक कधी ना कधी याच पेशी पोसतात. त्या अर्जेंटिनाच्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून १९७० च्या दशकात वाढवल्या गेल्या. कित्येक वर्षं सगळे त्यांना हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे मोठ्या माणसांतला नेहमीचा लिव्हर कॅन्सर, म्हणत आले. २००९ साली मूळ गाठीचे नमुने पुन्हा तपासून दाखवलं गेलं की ते हिपॅटोब्लास्टोमा होतं, म्हणजे लहान मुलांमध्ये होणारा वेगळा लिव्हर कॅन्सर. इतकं होऊनही पेपरांच्या शीर्षकात जुनंच नाव झळकतं. लिव्हरच्या दुसऱ्या पेशी म्हणजे हुह-७. त्या एका ५७ वर्षांच्या जपानी माणसाच्या गाठीतल्या, तिथे पी-५३ या वाढ आवरणाऱ्या प्रथिनात बदल आहे. हेप-जी२ मध्ये पी-५३ धड आहे. तिसऱ्या, हेप-३बी मध्ये ते नाहीच, वर हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए त्यांच्या गुणसूत्रांत घुसून बसलेला. तीन पेशी, तीन स्वभाव. एकीत सापडलेली जोडी दुसरीत सापडेलच असं नाही, म्हणून "लिव्हर कॅन्सरमध्ये" असं मोघम लिहिण्याऐवजी पेशीचं नाव लिहावं, एवढीच अपेक्षा आहे.

हेप-जी२ पोसायला मात्र चिवट संयम लागतो. या पेशी सपाट पसरत नाहीत, बेटं करून राहतात, आणि बेटाच्या मधल्या पेशी एकीवर एक चढतात. ट्रिप्सिन देऊन सोडवल्या तरी गठ्ठेच निघतात. मग बारीक सुईतून हळूहळू ओढून सुट्या कराव्या लागतात. जोरात ओढलं तर फुटतात. मायक्रोस्कोपखाली नीट सुट्या झालेल्या हेप-जी२ दिसल्या की मला घरी पोळ्या टम्म फुगल्याइतकाच आनंद होतो.

आता नागपूरकडे येते. पेशींना ३७ अंश लागतात. इन्क्युबेटर आतली हवा तापवू शकतो, थंड करू शकत नाही. बाहेरची खोली त्याच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असली तरच तो ३७ वर स्थिर राहतो. हे वाक्य पुस्तकात वाचून कुणाच्या लक्षात राहत नाही, आमच्याकडे मात्र मे महिन्यात ते कंठस्थ होतं. नवतपाचे दिवस, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि त्यात विजेचा फीडर गेला. जनरेटरवर फ्रीझर आणि इन्क्युबेटर चालतात, एसी चालत नाही. लॅबचे काका धावत येतात, "मॅडम, इन्क्युबेटर ३९ दाखवून राहिला न! सेट तर ३७ च आहे." कूलर लावू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण ओल्या ताट्यांवरून येणारी हवा बुरशीचे बीजाणू घेऊन येते आणि पेशींच्या खोलीत बुरशी शिरली की महिनाभराचं काम पाण्यात. शेवटी काका मोठ्या परातींत बर्फाच्या लाद्या भरून खोलीत ठेवतात आणि दार लावून बाहेर राखण बसतात. (२०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश नोंदवले, ते आठवतंय ना? हवामान खात्यानं नंतर सेन्सर चुकल्याचं सांगितलं. आमच्या लॅबमध्ये त्या दिवशी कुणालाही तो आकडा अशक्य वाटला नव्हता.)

दोन अंशांनी पेशी मरत नाहीत. मरत नाहीत हाच घोळ आहे. मेल्या असत्या तर फेकून दिल्या असत्या. त्याऐवजी त्या उष्णतेशी जुळवून घेतात, आणि जुळवून घ्यायला एचएसपी-७० सारखी हीट शॉक प्रथिनं जास्त बनवतात. ही प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांना सावरायचं काम करतात, त्यामुळे ती दिसेल त्याला चिकटतात. मग तुम्ही ईझेडएच-२ ओढून काढलं, सोबत काय आलं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीला, म्हणजे वजनावरून प्रथिनं ओळखायला, पाठवलं, की यादीत वरच्या रांगेत एचएसपी-७०. एखाद्याला वाटेल, व्वा, नवा साथीदार सापडला! तो बिचारा सगळ्यांच्याच यादीत असतो, थंड देशांतही. आमच्याकडे उन्हाळ्यात जरा जास्तच.

या हीट शॉकचा शोधही इन्क्युबेटरमुळेच लागला. फेरुच्चिओ रितोस्सा नावाचा इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं बघत होता. सहकाऱ्यानं इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं, आणि गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे दिसायला लागले. त्यानं ते १९६२ साली छापलं. फीडर गेला की मी काकांना ही गोष्ट सांगते. ते म्हणतात, "मग आपल्याला तर दर वर्षी शोध लागायला पाहिजे."

आता खरं काम. दोन प्रथिनं पेशीत एकत्र असतात हे दाखवायची नेहमीची पद्धत म्हणजे को-आयपी, पूर्ण नाव को-इम्युनोप्रेसिपिटेशन. पेशी फोडायच्या, निघालेल्या रसात, म्हणजे लायसेटमध्ये, एका प्रथिनाला धरणारी अँटीबॉडी टाकायची, ती चुंबकी बीड्सवर बसवायची, रात्रभर कोल्ड रूममध्ये फिरवत ठेवायचं, सकाळी धुवायचं, उकळायचं आणि ब्लॉटवर बघायचं की दुसरं प्रथिन सोबत आलं का. ब्लॉटवर प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात, आणि अँटीबॉडीनं धरलेलं प्रथिन काळ्या पट्ट्यासारखं उमटतं, तो बँड. सांगायला एवढंच.

पण ही एन्झाइम्स डीएनएवर घट्ट बसलेली असतात. सौम्य बफरनं पेशी फोडली, १५० मिलिमोलर मीठ ठेवलं, तर निम्मं ईझेडएच-२ गाळाबरोबर खाली बसतं आणि आपण वरचं पाणी घेऊन खूश होतो. मीठ ४२० पर्यंत नेलं तर ते सुटून वर येतं, पण तेवढ्या मिठात कच्चे धागे तुटतात आणि साथीदार निघून जातो. एसडीएस आणि डीऑक्सीकोलेट ही साबणासारखी रसायनं असलेला रिपा बफर वापरणाऱ्यांबद्दल तर मी काही बोलत नाही. त्यात सगळं स्वच्छ विरघळतं, संगतीसकट. आमची तडजोड अशी: आधी केंद्रकं वेगळी काढायची, जास्त मिठात थोडा वेळ ठेवायची, मग पातळ करून मीठ पुन्हा दीडशेवर आणायचं आणि मगच अँटीबॉडी. यावर हरकत घेता येते, कारण पातळ केल्यावर पेशीत कधी न भेटलेली प्रथिनंही नळीत भेटू शकतात. हरकत बरोबर आहे. म्हणून एका पद्धतीवर आम्ही थांबत नाही.

मार्चमध्ये आमच्याकडे एमएस्सीच्या प्रोजेक्टला एक मुलगी आली. भंडाऱ्याची, हुशार, हात स्थिर. तिनं ईझेडएच-२ ची आयपी केली, म्हणजे अँटीबॉडीनं ते ओढून काढलं, आणि ईईडीसाठी ब्लॉट लावला. इमेजरच्या पडद्यावर एक्सपोजर वाढत गेलं तसा बँड काळा होत गेला. "ताई, पाहा न, कसा जाड आला!"

खरंच जाड होता. पन्नास किलोडाल्टनपाशी (प्रथिनाच्या वजनाचं माप), कडा किंचित खाली ओघळलेल्या, मधे पांढरट भोक पडावं इतका तीव्र. ईईडी साधारण ५० चंच आहे. मी विचारलं, "आयजीजीची लेन कुठाय?" तिनं बोट ठेवलं. (लेन म्हणजे ब्लॉटवरची एका नमुन्याची उभी पट्टी; आयजीजी म्हणजे आपल्या प्रथिनाला न धरणारी साधी अँटीबॉडी, तुलनेसाठी.) नुसत्या आयजीजीच्या लेनमध्येही पन्नासलाच बँड होता, थोडा कमी जाड. आणि इनपुटच्या, म्हणजे मूळ लायसेटच्या लेनमध्ये, जिथे अँटीबॉडी टाकलेलीच नव्हती, तिथे त्याच उंचीवर एक सुतासारखी बारीक रेघ.

"ती रेघ तुझं ईईडी," मी म्हटलं. "बाकी हेवी चेन आहे."

"काहून पण? अँटीबॉडी तर ईईडीचीच लावली न मी?"

ईईडीचीच लावली होती. पण आयपीला वापरलेली अँटीबॉडी सशाची, ब्लॉटला वापरलेलीही सशाची. उकळल्यावर बीड्सवरची अँटीबॉडी तुटून तिची हेवी चेन ५० ला आणि लाइट चेन २५ ला येते. सशाची अँटीबॉडी ओळखणारी सेकंडरी, म्हणजे बँड उजळवणारी दुसरी अँटीबॉडी, त्या चेनला आनंदानं धरते. तिला काय ठाऊक, तुम्हाला कोण हवंय ते! आणि पीआरसी-२ च्या बाबतीत नशीब असं की ईईडी ५० चं आणि आरबीबीपी-४ साधारण ४८ चं. बरोबर हेवी चेनच्या सावलीत दोघंही. एसयूझेड-१२ वर राहतं म्हणून ते सुटतं. छापलेल्या पेपरांतही पन्नासपाशी गलेलठ्ठ बँड आणि शेजारी आयजीजीची लेन गायब असं दिसलं, की मी पेन्सिलनं मार्जिनमध्ये प्रश्नचिन्ह काढून ठेवते.

उपाय माहितीतलेच आहेत. आयपीला सशाची आणि ब्लॉटला उंदराची अँटीबॉडी घ्या, किंवा अँटीबॉडी बीड्सना रासायनिक बंधानं कायमची जोडून टाका, किंवा फक्त लाइट चेनला धरणारी सेकंडरी वापरा म्हणजे पन्नासचा भाग मोकळा राहतो. आम्ही तिसरा घेतला, कारण ती सेकंडरी फ्रीजमध्ये होती. संशोधनातले बरेच निर्णय फ्रीजमध्ये काय आहे त्यावर ठरतात, हे मेथड्समध्ये कुणी लिहीत नाही.

उंदराची अँटीबॉडी का नव्हती, तर ती एप्रिलअखेर मागवली होती. खोकं कुरिअरच्या गोदामात शनिवार-रविवार पडून राहिलं. सोमवारी आलं तेव्हा आतल्या जेल पॅकवर अंडं उकडलं असतं. विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं: अँटीबॉडी दणकट असते, दोन-चार दिवस खोलीच्या तापमानाला काही होत नाही. बरोबर आहे, पण त्यांनी गृहीत धरलेली खोली नागपुरात नाही. बदलून द्यायला त्यांनी इतके फॉर्म भरून घेतले की आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, यापेक्षा नवा प्रोजेक्ट लिहिणं सोपं.

बँड खरा निघाला तरी प्रश्न संपत नाही. ईझेडएच-२ ओढलं आणि डीएनएमटी-१ सोबत आलं, समजा. या दोघांचा थेट संबंध असल्याचं २००६ साली ब्रुसेल्सच्या एका गटानं मांडलं होतं, आणि तेव्हापासून तो कुठल्या पेशीत किती दिसतो यावर वाद चालू आहे. दोघंही डीएनएवर बसणारी. डीएनएचा एक तुकडा ओढला तर त्यावर बसलेलं सगळं येणारच. सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोच्या एकाच डब्यातून उतरलेले दोघं नातेवाईक असतातच असं नाही. म्हणून डबा काढून बघायचा: लायसेटमध्ये बेंझोनेज टाकायचं. ते डीएनए आणि आरएनए दोन्ही खाऊन टाकतं. आरएनए विसरून चालत नाही, कारण पीआरसी-२ आरएनएलाही चांगलंच चिकटतं. त्यानंतरही जोडी टिकली तर तिच्याबद्दल बोलायला अर्थ आहे. इथे एक खाच आहे. बेंझोनेजला मॅग्नेशियम लागतं. प्रोटिएज इनहिबिटरची (प्रथिनं कुरतडली जाऊ नयेत म्हणून टाकतात ती) ईडीटीएवाली गोळी टाकली असेल तर ती मॅग्नेशियम पकडून ठेवते आणि बेंझोनेज हातावर हात धरून बसतं. डीएनए जसाच्या तसा राहतो, आणि तुम्ही समजता की जोडी डीएनएवाचून टिकली. गोळीच्या डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते वाचा.

याहून वेगळी एक पद्धत मला मनापासून आवडते. आपल्या एन्झाइमला बायोटिन (एक छोटं जीवनसत्त्व) चिकटवणारं एक छोटं एन्झाइम जोडायचं आणि ते जिवंत पेशीतच आसपासच्या प्रथिनांना बायोटिनचा शिक्का मारू द्यायचं. शिक्का मारायचा पल्ला सुमारे १० नॅनोमीटर. नंतर पेशी कितीही कठोर बफरनं फोडली तरी चालतं, कारण शिक्का पक्का असतो आणि आपल्याला संगत टिकवायची गरजच उरत नाही. २०१२ च्या बायोआयडीला शिक्के मारायला बरेच तास लागायचे, २०१८ च्या टर्बोआयडीला दहा मिनिटं पुरतात. यातही शेजारी आणि साथीदार यांत फरक करता येत नाहीच, पण पेशी फोडताना झालेल्या खोट्या भेटी तरी गळतात. आणि कुठल्याही पद्धतीनं यादी मिळाली, की क्रेपोम नावाच्या सार्वजनिक संग्रहात टाकून बघायची. कुठलंही प्रथिन ओढलं तरी कोण कोण फुकटात सोबत येतं याची तिथे जगभरच्या प्रयोगांतून नोंद आहे: केराटिन, ट्यूब्युलिन, ॲक्टिन, हीट शॉकवाले. केराटिन म्हणजे आपलीच कातडी आणि केस. उन्हाळ्यात घामेजल्या हातांनी जेल कापलं की त्याचंही प्रमाण सुधारतं!

शेजारच्या काकूंना हे सगळं सांगायची वेळ येत नाही. लिव्हरच्या कॅन्सरबद्दल त्या एकच विचारतात, "दारूनंच होतो न तो?" दारूनं होतो. हिपॅटायटिस बी आणि सी नं होतो, लठ्ठपणा-मधुमेहातल्या चरबीच्या लिव्हरमधून होतो, आणि ओल्या जागी साठवलेल्या शेंगदाण्या-मक्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनमुळेही होतो. काकूंनी त्या दिवशी घरातले दाणे निवडून काढले, हे आमच्या संशोधनाचं आजवरचं सर्वांत ठोस फलित. बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बी ची लस देतात ती चुकवू नका, हेही मी सांगते. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर प्रथिनांच्या संगतीचा खेळ आमच्यापेक्षा चांगला जाणतो. त्याचं एक्स नावाचं प्रथिन जेमतेम १५४ अमिनो आम्लांचं. स्वतः कुठलंही एन्झाइम नाही. ते आपल्या पेशीच्या डीडीबी-१ ला जाऊन चिकटतं आणि त्याच्याकरवी एसएमसी-५/६ हा संच मोडून काढायला लावतं, जो एरवी विषाणूच्या डीएनएला गप्प ठेवत असतो. हे २०१६ साली कळलं. परक्या घरात शिरून घरच्याच कुत्र्याला घरधन्यावर सोडणं, अशी ती करामत.

औषधांकडे बघतानाही मला हाच हिशेब पटतो. ताझेमेटोस्टॅट हे ईझेडएच-२ चं औषध अमेरिकेत २०२० साली मंजूर झालं, एका दुर्मिळ सार्कोमासाठी आणि मग एका प्रकारच्या लिम्फोमासाठी. लिव्हरसाठी नाही. ते एसएएमच्या खोबणीत बसून मेथिल चढवणं थांबवतं, पण संच तसाच उभा राहतो. ईझेडएच-२ जिथे मेथिल न चढवता, नुसतं कुणाला तरी धरून काम करतं, तिथे अशा औषधाचा काय उपयोग? म्हणून काही गट ईईडीच्या खोबणीत बसणारे रेणू बनवतायत, काही अख्खं ईझेडएच-२ पेशीच्या कचऱ्यात पाठवणारे. कुठल्या गाठीत कुठला चालेल हे ठरवायला त्या गाठीत ईझेडएच-२ कुणासोबत आहे हे आधी कळायला हवं, आणि त्यासाठी पन्नासपाशी नेमकं काय आहे ते.

भंडाऱ्याच्या त्या मुलीनं पुन्हा ब्लॉट लावला. या वेळी लाइट चेनवाली सेकंडरी, आयजीजीची लेन शेजारी, बेंझोनेजसह आणि बेंझोनेजविना, ईडीटीए नसलेल्या बफरमध्ये. २५ पाशी दांडगी लाइट चेन आली, पन्नासचा पट्टा स्वच्छ. तिथे ईईडीचा बँड: बारीक, सरळ, आयजीजीत नाही, बेंझोनेजनं बदलला नाही. एसयूझेड-१२ ही तसंच. वर डीएनएमटी-१ चा बँड बेंझोनेजविना नीट दिसत होता आणि बेंझोनेजसह फिका पडला होता. गेला नव्हता, पण फिका होता.

"म्हणजे चिकटतं का नाही ताई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, प्रबंधात दोन्ही लेन छाप आणि "हेप-जी२ मध्ये, या मिठात" एवढं लिही. तिच्या गाइडना हे वाक्य फार मिळमिळीत वाटलं. ती आता हुह-७ मध्ये तोच प्रयोग लावतेय. बेंझोनेजची कुपी तळाला गेली आहे, नव्याचा अर्ज मॅडमच्या टेबलावर आहे, आणि डिलिव्हरीच्या रकान्यात मी "पाऊस लागल्यावर" असं ठळक लिहून ठेवलंय.